बाकावरच्या माणसाचा रंग

सिस्टरनं तिसरा धंदा धरला तेव्हा घरात कुणी रडलं नाही की कुणी अभिनंदन केलं नाही. फक्त वन्सं म्हणाल्या, "आता चौथा कुठला, विमान चालवणार का?" वन्सं म्हणजे सिस्टरच्या थोरल्या नणंदबाई. त्या गल्लीच्या एका टोकाला राहत आणि दुसऱ्या टोकाला, म्हणजे भावाच्या घरात, कोण काय करतंय यावर लक्ष ठेवत. त्यांचं एक मात्र बरं होतं. त्या कुणाच्या पाठीमागे बोलत नसत. जे बोलायचं ते तोंडावर, आणि तेही दार उघडायच्या आधीच सुरू करत.

तसं त्यांचं फार चुकत नव्हतं. सिस्टरनं बावीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. हात एवढा हलका की सुई टोचल्याचं पेशंटला दुसऱ्या दिवशी कळायचं, असं ती स्वतःच सांगायची. मग तिला बढती देऊन गाद्या-चादरींच्या फायली सांभाळायला बसवलं, आणि एक दिवस तिनं फायली साहेबांच्या टेबलावर ठेवून सरळ घर गाठलं. त्यानंतर नऊ वर्षं वर्तमानपत्रात आरोग्याचं पान. सुरुवातीला तिनं रुग्णालयांच्या भानगडी छापल्या. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून, तिसऱ्यांदा खात्री करून. पुढे त्या पानावर जाहिराती वाढल्या आणि भानगडी कमी झाल्या. शेवटी जाहिरातवाल्यांना लिंबाचे तेरा फायदे हवे होते. सिस्टरनं ओढूनताणून अकरा काढले, त्यांतले चार खोटे होते, आणि बारावा काही केल्या निघेना. तिनं राजीनामा दिला.

"आता मी निसर्गचित्रं काढणार," तिनं जाहीर केलं. वय वर्षं छप्पन्न. कारण विचारलं तर म्हणाली, "डोंगराला कुठे दुखत नाही आणि तळं 'माझं नाव छापू नका' म्हणत नाही."

डोंगराचं ठीक होतं, पण डोंगराच्या पायथ्याशी माणसं राहतात हे ती विसरली. गावाबाहेरच्या तळ्यावर तिनं पहिल्यांदा चित्राची घोडी उभी केली आणि अर्ध्या तासात रांग लागली. एकानं जीभ काढून दाखवली. एकीनं सुनेचे रिपोर्ट पिशवीतून काढले. तिसरा म्हणाला, आमच्या कोपऱ्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे, जरा पेपरात द्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं घोडीला कागद लावला: "इथे बीपी बघत नाही. तक्रारी छापत नाही." लोकांनी तो शांतपणे वाचला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, "पण हा अंगठा तेवढा बघा."

तिला शिकवायला होता पेंटर. त्यानं चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, आणि पाट्या मशिनवर छापून यायला लागल्यावर तो डोंगर-झाडांकडे वळला होता. आवाज घोगरा, जीभ तिखट. सिस्टरचं पहिलं चित्र बघून त्यानं विचारलं, "बाई, हे तळं आहे की तळ्याचा केसपेपर?" कारण तिनं काहीही सोडलं नव्हतं. पंपघराचे सगळे पाइप होते, बंधाऱ्यावरचा प्रत्येक तडा होता, आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, हवामान आणि सही.

"मागे काय वाटेल ते लिहा," पेंटर म्हणाला. "पण पुढे नर्स दिसली, नाहीतर वार्ताहर दिसली, तर ब्रश काढून घेईन. डोळे बारीक करा. झाड बघायचं नाही, माणूस बघायचा नाही. डाग बघायचा. कुठला डाग गरम, कुठला थंड, एवढंच."

सिस्टरनं हे व्रतासारखं घेतलं. रस्त्यानं जाताना ती डोळे बारीक करून चालू लागली. ओळखीच्या लोकांना वाटलं बाईला मोतीबिंदू झाला.

पेंटर ज्या चित्रकार मंडळात होता, ते दरवर्षी एक प्रदर्शन भरवायचं आणि त्यात एक भिंत नवख्याला द्यायचं. पेंटर म्हणाला, एकाच जागेची, एकाच वेळेची, ओळीनं बारा दिवसांची बारा चित्रं करा, मी भिंत मिळवून देतो. "आणि बारा नाही झाली तर?" सिस्टरनं विचारलं. "तर दुसरा एक जण सूर्यास्त घेऊन तयारच आहे."

ती भिंत सिस्टरला हवी होती. जीव टाकून हवी होती. वन्संनी तिला धरसोड हा शब्द चिकटवला होता. हे धर, ते सोड. वन्सं म्हणतात म्हणून तो शब्द तिला लागला असता तर एक वेळ चाललं असतं. पण आंघोळ करताना, भाजी निवडताना तिला स्वतःलाही वाटायचं की बाई गं, खरंच असेल ते. वॉर्ड सोडला, पेपर सोडला, आता हेही सुटलं तर आपण कोण, हे कुणाला विचारायचं? भिंतीवर बारा चित्रं लागली की निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की हे मी शेवटपर्यंत केलं.

पेंटरनं एक अट घातली. तळ्याकाठच्या बाकावर माणूस पाहिजे. "माणूस असला की झाड केवढं ते कळतं. तेवढ्यापुरताच तो. त्याला नाक-डोळे काढत बसू नका."

फुकट आणि रिकामा असा एकच माणूस तिच्या ओळखीत होता, तो म्हणजे नवरा. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. मुलं त्यांना नकाशा म्हणायची, गल्लीत सगळे सर म्हणत. एका घरात एक सर आणि एक सिस्टर, त्यामुळे पोस्टमनला ती शाळा आहे की दवाखाना हे बरेच दिवस कळत नव्हतं.

"बसतो," सर म्हणाले. "पण एक करार. बारा दिवस माझी नाडी बघायची नाही. पोट साफ झालं का विचारायचं नाही. लग्न झाल्यापासून माझा हात हातात घेतलास की तू घड्याळाकडे बघतेस."

"कबूल," सिस्टर म्हणाली. तिला स्वतःलाच हायसं वाटलं.

रोज साडेचार ते सहा. पहिले चार दिवस झकास गेले. सर बाकावर ऐसपैस बसायचे, पाय लांब सोडलेले, बूट लेस बांधून चकचकीत, हातात वर्तमानपत्र. अधूनमधून तिथूनच ओरडून सांगायचे की ती टेकडी तू पूर्वेला सरकवली आहेस. सिस्टर त्यांना गप्प बसायला सांगायची. डाग बोलत नाही.

पाचव्या दिवशी सरांच्या बुटांच्या लेस सुटलेल्या होत्या. सिस्टरनं त्या तशाच रंगवल्या. सातव्या दिवशी ते चपला घालून आले.

"अहो, बूट कुठे गेले? काल होते ना."

"चावतात."

"माझी सगळी ओळ बिघडली."

"तळं तेच आहे ना?" सर म्हणाले. सिस्टरनं चपला रंगवल्या.

आठव्या दिवसापासून त्यांचं वर्तमानपत्र घडी करून बाकावर पडलेलं असायचं. ते पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसू लागले. सिस्टरला ती बैठक आवडली. आधीच्या चित्रांत माणूस बाकावर ठेवल्यासारखा वाटायचा, आता तो तळ्याकडे काहीतरी मागत असल्यासारखा दिसायला लागला. रंगाचंही तसंच झालं. सरांचा चेहरा ती चार फटकाऱ्यांत करायची: कपाळ, गाल, ओठांची रेघ, हनुवटीखालची सावली. त्यासाठी गेरू, थोडा पिवळा आणि किंचित लाल मिसळायची. सहाव्या दिवशी ते मिश्रण जुळेना. तिनं डोळे बारीक केले, नीट बघितलं आणि थेंबभर निळा घातला. जुळलं. तळ्याची छाया पडत असणार. नवव्या दिवशी तिनं लाल काढूनच टाकला. अकराव्या दिवशी ओठांच्या रेघेला जांभळट राखाडी रंग लागला, आणि तो तिला पहिल्या फटक्यात सापडला. घरी येताना ती एवढी खूश होती की सर दर पन्नास पावलांवर थांबून नकाशातली नावं असल्यासारखी झाडांची नावं सांगत होते, तेव्हा ती कौतुकानं ऐकत होती. ते दम खात होते.

पेंटर दहाव्या दिवशी येऊन गेला होता. बराच वेळ बघून म्हणाला, "माणूस आता बोलतोय." त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे इतरांच्या तोंडून पोवाडाच. भिंत मिळणार, असं सिस्टरनं धरून टाकलं.

बारावं चित्र झालं. मंडळाकडे चित्रं दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पोचवायची होती. त्या दिवशी दुपारी सिस्टरनं बाहेरच्या खोलीत बाराही बोर्ड भिंतीला टेकवून ओळीनं मांडले. सर आतल्या खोलीत आरामखुर्चीत झोपले होते. गेल्या चार रात्री ते खुर्चीतच झोपत होते. पाठ धरली आहे, असं म्हणाले होते, आणि करार असल्यामुळे तिनं पुढे विचारलं नव्हतं.

वन्सं आल्या. दाराबाहेरूनच सुरू झाल्या होत्या की ही चित्रं दिवाणखान्यात मांडून आता पाहुण्यांनी बसायचं कुठे. आत येऊन त्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. वन्सं गप्प बसल्या आहेत हे लक्षात यायला सिस्टरला जरा वेळ लागला.

"चित्रातलं मला काही कळत नाही," वन्सं म्हणाल्या. "पण या टोकाला माझा भाऊ बसलाय. आणि त्या टोकाला कुणीतरी आजारी माणूस बसलाय. तो कोण?"

सिस्टरनं बघितलं. डोळे बारीक न करता बघितलं. एक ते बारा, डावीकडून उजवीकडे. लेस बांधलेले बूट. लेस सुटलेले बूट. चपला, म्हणजे पाय सुजलेत. मागे टेकून बसणारा माणूस पुढे वाकलाय, हात गुडघ्यांवर, म्हणजे श्वास पुरत नाही. आडवं झोपता येत नाही म्हणून खुर्ची. आणि ओठ. असे ओठ तिनं वॉर्डात शेकड्यांनी पाहिले होते. शिकाऊ पोरींना ती दारातूनच दाखवायची, तो बघा, तिसऱ्या कॉटवरचा, पळा. हा निळा तिनं स्वतःच्या हातानं मिसळला होता, सात दिवस, दररोज थोडा वाढवून, आणि अचूक जमला म्हणून खूश झाली होती.

ती आत गेली. सरांच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"करार," सर डोळे न उघडता म्हणाले.

"खड्ड्यात गेला करार," सिस्टर म्हणाली.

वन्संनी रिक्षा आणली. रुग्णालय तेच होतं जिथे तिनं बावीस वर्षं काढली होती. तिथला हृदयाचा मोठा डॉक्टर एके काळी तिच्या वॉर्डात शिकत होता आणि हात न धुता जखमेला हात लावल्याबद्दल तिच्या शिव्या खाऊन मोठा झाला होता. त्यानं सरांना ऑक्सिजन लावला, छातीला नळी लावून ऐकलं, फोटो काढला, आणि सिस्टरला बाजूला घेतलं. हृदयाची एक झडप आखडली आहे, म्हणाला. फुफ्फुसात पाणी साठलंय. आधी पाणी उतरवू, मग झडप बदलावी लागेल. "त्रास कधीपासून होतोय ते नीट कळलं पाहिजे. सर म्हणतायत दोन दिवस."

"खोटं बोलतायत. वन्सं, घरून चित्रं घेऊन या."

वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा उलट प्रश्न केला नाही. अर्ध्या तासात त्या बारा बोर्ड दोन चादरींत बांधून रिक्षानं घेऊन आल्या. डॉक्टरनं ते कॉरिडॉरमध्ये जमेल तसे टेकवले, चार व्हीलचेअरवर, दोन ऑक्सिजनच्या सिलिंडरांना, बाकीचे बाकांवर. प्रत्येक उलटून मागची तारीख आणि वेळ वाचली, पुन्हा सुलटा करून पाय बघितले, ओठ बघितले. "पाचव्या दिवशी सूज दिसतेय. आठव्या दिवशी दम. म्हणजे भराभर वाढलंय," तो स्वतःशीच म्हणाला. मग सिस्टरकडे वळला. "आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर मी काही करू शकलो नसतो. हे चार्टपेक्षा चांगलं आहे, सिस्टर."

कुणीतरी कानाखाली वाजवून वर शाबासकी द्यावी तसं सिस्टरला वाटत होतं.

पाच वाजता पेंटर धापा टाकत आला. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत आला होता. व्हीलचेअरवरची तळी बघून त्याचा चेहरा आंबला. "चित्रं अशी लावतात?" म्हणाला. मग त्याला काय घडलंय ते कळलं, आणि तो खाली बघत म्हणाला, "तासाभरात पोचली नाहीत तर भिंत जाईल. मी घेऊन जातो. तुम्ही इथंच थांबा."

"नका नेऊ," सिस्टर म्हणाली.

"का?"

"रोज दीड तास मी त्यांच्यासमोर होते. माणूस माझ्यासमोर बुडत होता आणि मी निळ्याची छटा जुळवत होते. पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा असं करणार नाही. असलं काय भिंतीवर लावायचं? सूर्यास्तवाल्याला द्या भिंत. मी हे सोडलं."

पेंटरनं खिशात हात घातले, बाहेर काढले. "डाग बघा असं मीच म्हणालो होतो," तो पुटपुटला. यापलीकडे त्याला काही सुचलं नाही.

पण वन्संना सुचलं. त्या इतका वेळ बाकावर बसून होत्या, त्या उठल्या आणि सहा बोर्ड चादरीत गुंडाळायला लागल्या. "सोडलं म्हणे," त्या म्हणाल्या. "नर्स होतीस तेव्हा डब्यात तोंड घालून जेवायचीस आणि ड्यूटीला पळायचीस. पेपरात होतीस तेव्हा फोनवर असायचीस. माझ्या भावाकडे दीड तास सलग कुणी बघितलंय का कधी? मी तरी बघितलंय? आता पहिल्यांदा कुणी बघितलं, म्हणून तो जिवंत आहे. आणि ही म्हणते सोडलं. पेंटर, ती दुसरी सहा उचला."

"वन्सं, तुम्हाला कळत नाही..."

"नाही कळत. तू बस इथं." आणि त्या पुढे, पेंटर मागे, असे दोघं चादरींची गाठोडी घेऊन जिन्यानं खाली गेले. पाहणाऱ्याला वाटलं असेल की रुग्णालयातून कपडे धुवायला चाललेत.

चित्रं सहाला पाच मिनिटं असताना पोचली. आठवड्यानं सरांची झडप बदलली. शस्त्रक्रियेला पाच तास लागले आणि त्या पाच तासांत सिस्टरनं ना ब्रशचा विचार केला ना भिंतीचा. ती फक्त दारावरच्या दिव्याकडे बघत बसली, आणि शेजारी वन्सं एक शब्द न बोलता बसल्या. दोघींच्या नात्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

प्रदर्शन महिनाभर होतं. शेवटच्या दिवशी दुपारी सर काठी टेकत आले. सिस्टरनं त्यांना शिपायाच्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्या गालांवर रंग होता. समोर बारा वेळा तेच बसलेले होते. लोक येत, पहिल्या चित्रापाशी जेमतेम थांबत, पुढे सरकत, आणि शेवटच्या तीन-चारांपाशी खिळून राहत. एक बाई बाराव्या चित्रासमोर इतका वेळ उभी होती की तिच्या नवऱ्यानं तिला हात धरून नेलं.

"यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" सरांनी विचारलं.

"पहिली चार. त्यांत तुम्ही ठणठणीत आहात."

"मी चित्राचं विचारतोय."

महिनाभर हेच सिस्टरला आतून खात होतं आणि ती कुणाला सांगू शकली नव्हती, पेंटरलाही नाही. चूक केली ती केली, पण चुकीची चित्रंच चांगली झाली होती.

"शेवटची चार," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "अहो, तुम्ही मरत होतात तीच चांगली आहेत. मी काय करू?"

सरांनी बाराही चित्रांवरून सावकाश नजर फिरवली. परीक्षेचे पेपर तपासताना करायचे तसा चेहरा केला.

"पहिली चार कच्ची आहेत," ते म्हणाले. "टेकडीही चुकली आहे. सोमवारपासून मला परत बाकावर बसव. मरणारा माणूस तुला जमतो, ते कळलं. आता धडधाकट माणूस जमतो का बघू."

"ते फार अवघड आहे. वर्षं लागतील."

"लागू देत," सर म्हणाले. "मला आता कुठं जायचंय?"